‘९० टक्क्यांहून अधिक अचूक’, पण कोणासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या आरोग्य पुरवणीतील स्वादुपिंडाच्या जुनाट विकारांवरील लेख वाचला. लेख तळमळीने लिहिलेला आहे, आणि वर्षानुवर्षे पोटदुखीला ‘ॲसिडिटी’ म्हणत अंगावर काढणाऱ्यांना तो उपयोगी पडेल यात शंका नाही. मात्र त्यात एक वाक्य असे आहे की, शौचाच्या एका साध्या तपासणीतून हा आजार ९० टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखता येतो. त्याच पानाच्या तळाशी एका तपासणी केंद्राच्या ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या जाहिरातीत हीच तपासणी सवलतीच्या दरात देऊ केली आहे. मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे. परंतु ‘९० टक्के अचूक’ हे शब्द नुसतेच, पुढेमागे काहीही न सांगता छापले जातात, तेव्हा ती चूक वैद्यकाची कमी आणि माझ्या विषयाची अधिक असते, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची मला जाणीव आहे.

या विषयात मला रस निर्माण झाला तो घरातल्या एका प्रसंगामुळे. माझ्या भाच्याला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापासून बेंबीच्या वरच्या भागात दुखत असे आणि ते दुखणे थेट पाठीत जाई. सांगली-मिरजेच्या पट्ट्यात दवाखान्यांना तोटा नाही. दोन वर्षांत तीन ठिकाणी त्याच्या रक्तातील अमायलेज आणि लिपेज ही स्वादुपिंडाची पाचकद्रव्ये तपासली गेली, तिन्ही वेळा ती मर्यादेत आली आणि तिन्ही वेळा ‘पॅन्क्रियाज उत्तम आहे’ असे त्याला सांगण्यात आले. त्याच्या खिशात दारू नव्हती की तंबाखू नव्हती, त्यामुळे कोणाला फारसा संशय येण्याचे कारणही नव्हते. चौथ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरने सीटी स्कॅन सांगितला आणि त्यात स्वादुपिंडाच्या नलिकेत खडे दिसले. तोवर त्याची साखरही वाढू लागली होती.

अमायलेज आणि लिपेज या चाचण्या वाईट आहेत काय? मुळीच नाही. स्वादुपिंडाला अचानक सूज येते तेव्हा ग्रंथीतील पाचकरस रक्तात सांडतात, आणि मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक वाढलेले लिपेज हा त्या तीव्र आजाराच्या निदानाचा मान्यताप्राप्त आधार आहे. जुनाट दाहात मात्र ग्रंथी हळूहळू झिजते आणि पेशींच्या जागी तंतुमय ऊतक भरत जाते. जिथे रस तयार करणाऱ्या पेशीच कमी झाल्या, तिथे रक्तात सांडायला काय उरणार? तेव्हा एका आजारात खरी ठरणारी चाचणी त्याच अवयवाच्या दुसऱ्या आजारात गप्प बसते. ‘लिपेज अचूक आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी, कोणामध्ये आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आता लेखातील चाचणीविषयी. तिचे नाव फीकल इलास्टेज. स्वादुपिंडात तयार होणारे हे पाचकद्रव्य आतड्यातून जाताना फारसे मोडत नाही, त्यामुळे शौचात त्याचे प्रमाण मोजले की ग्रंथी किती काम करते याचा अंदाज येतो. एका ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आले की ते कमी मानतात. ९० टक्क्यांहून अधिक हा आकडाही कोणी हवेतून काढलेला नाही. १९९६ साली ‘गट’ (Gut) या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात या चाचणीची संवेदनशीलता, म्हणजे खरोखर आजारी असलेल्यांपैकी किती जण तिच्या जाळ्यात सापडतात ते प्रमाण, ९३ टक्के आढळले होते. पण तो अभ्यास उघडून पाहिला की आकड्याच्या पोटातले आकडे दिसू लागतात. आजारी गटात एकूण ४४ जण होते: २२ गंभीर स्वरूपाच्या आजाराचे, १४ मध्यम आणि केवळ ८ सौम्य. मध्यम आणि गंभीर रुग्ण सगळेच्या सगळे पकडले गेले. सौम्य रुग्णांत संवेदनशीलता होती ६३ टक्के, म्हणजे आठांपैकी पाच.

माझे विद्यार्थी इथे थांबून वहीत आकडेमोड करीत असत, तशी आपणही करून पाहू. चाचणी तीच, संच तोच, प्रयोगशाळाही तीच ठेवू. फक्त गटाची रचना उलटी करू, म्हणजे सौम्य रुग्ण २२ आणि गंभीर ८. मग ९३ टक्क्यांची संवेदनशीलता सुमारे ८१ टक्क्यांवर येते. चाचणीत काहीही बदललेले नाही, समोर बसलेली माणसे बदलली. आणि ज्यांचा आजार सौम्य आहे, ज्यांना अजून कोणी नाव दिलेले नाही, तेच तर तपासणी करून घ्यायला येतात! ज्याच्या स्वादुपिंडातले खडे साध्या एक्स-रेवर दिसत आहेत त्याला शौचाची चाचणी कशाला हवी? १९७८ साली रॅन्सोहॉफ आणि फाइनस्टाइन या दोन अमेरिकी वैद्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा दोष स्पष्टपणे मांडला होता. चाचणी एका टोकाच्या ठणठणीत माणसांवर आणि दुसऱ्या टोकाच्या गंभीर रुग्णांवर पारखली की ती गुणी दिसते, कारण मधली गोंधळाची माणसे परीक्षेतून वगळलेली असतात. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी बऱ्याच चाचण्यांचे अभ्यास एकत्र करून दाखवले की, अशा दोन टोकांच्या रचनेत चाचणीची निदानक्षमता, त्यांनी वापरलेल्या मापात, तिपटीने फुगलेली दिसते. परीक्षेत सोपे आणि अतिसोपे एवढेच प्रश्न घातले तर कोणता विद्यार्थी नापास होईल?

याला दुसरी बाजू आहे आणि जाहिरातीच्या संदर्भात ती अधिक महत्त्वाची वाटते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी एकत्रित विश्लेषणात या चाचणीची तुलना सीक्रेटिन (स्वादुपिंडाला रस सोडायला लावणारे संप्रेरक) देऊन केलेल्या थेट तपासणीशी केली गेली. तिथे संवेदनशीलता ७७ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे आजार नसलेल्यांना ‘नाही’ म्हणण्याची क्षमता, ८८ टक्के निघाली. हेच आकडे घेऊन एक हजार माणसांचा हिशेब करू. पोटाच्या साध्या तक्रारींसाठी आलेल्या हजारांपैकी ५० जणांना खरोखर स्वादुपिंडाच्या पाचकरसांची कमतरता आहे असे धरले, तर त्यांतले ३८-३९ सापडतील. उरलेल्या ९५० धडधाकट स्वादुपिंडांपैकी मात्र ११४ जणांचा अहवाल ‘कमी’ येईल. म्हणजे लाल अक्षरात अहवाल घेऊन घरी जाणाऱ्या दर चौघांपैकी तिघांना ती कमतरता नसेल. आता तीच चाचणी एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या पोटविकार विभागात करा, जिथे हजारांत ४०० जणांना खरोखर कमतरता आहे. तिथे ‘कमी’ अहवालांपैकी ८१ टक्के खरे असतील, मात्र ९२ रुग्ण ‘नॉर्मल’ शिक्का घेऊन बाहेर पडतील. पहिल्या ठिकाणी चाचणीच्या ‘नाही’वर विसंबता येते, दुसऱ्या ठिकाणी ‘होय’वर. ‘संपूर्ण शरीर तपासणी’त येणारी माणसे तर पहिल्या गटाहूनही निरोगी असतात, तेव्हा तिथे खोट्या ‘होय’चे प्रमाण आणखी वाढणार हे उघड आहे.

आमच्या सोसायटीतील एका आजींना असाच अहवाल मिळाला. इलास्टेज १६५. त्या सुमारास त्यांना चार दिवस पातळ जुलाब होत होते. नमुना पाणीदार असला की त्यातले इलास्टेज विरळ होते आणि आकडा खोटाच खाली येतो, ही गोष्ट प्रत्येक प्रयोगशाळेला ठाऊक असायला हवी. पण नमुना घेणाऱ्या मुलाने काही विचारले नाही आणि आजींनाही काही सांगावेसे वाटले नाही. मुलाने रात्री इंटरनेटवर वाचले आणि सकाळी घरात कर्करोगाची चर्चा सुरू झाली. महिन्याभराने घट्ट नमुना दिला तेव्हा आकडा ४०० च्या वर होता. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही १०० पेक्षा कमी आकडा हाच पाचकरसांच्या कमतरतेचा चांगला पुरावा मानला असून १०० ते २०० मधला आकडा अनिर्णित ठरवला आहे. आजींच्या अहवालावर मात्र १६५ च्या पुढे सरळ ‘असामान्य’ असे छापले होते. मधुमेही रुग्णांमध्येही, स्वादुपिंडाचा जुनाट दाह नसताना, हा आकडा खाली आलेला वारंवार आढळतो. आपल्याकडे मधुमेहींची संख्या किती आहे हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गफलत लेखात झाली आहे. इलास्टेजची चाचणी ग्रंथीचे काम मोजते, आजार नव्हे. स्वादुपिंडाची राखीव ताकद इतकी मोठी असते की, लिपेजचे उत्पादन मूळच्या दहा टक्क्यांच्या खाली गेल्यावरच शौचातून चरबी वाहू लागते, हे १९७३ पासून माहीत आहे. तेव्हा आजार सुरू होऊन बराच काळ गेला तरी कामाच्या चाचण्या निर्दोष येऊ शकतात. त्या ‘नॉर्मल’ अहवालाचा अर्थ ‘अजून पुरेशी ग्रंथी शिल्लक आहे’ इतकाच.

चाचणी खरी की खोटी हे ठरवायचे तरी कशाशी ताडून, हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि त्यावर वृत्तपत्रांत कधीच लिहिले जात नाही. स्तनातील गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. स्वादुपिंड पोटात खोलवर, जठराच्या मागे दडलेले असते. त्याला सुई लावण्यात धोका आहे, शिवाय दाह सगळीकडे सारखा नसून ठिपक्याठिपक्यांनी असतो, त्यामुळे तुकडा नेमका निरोगी भागातून आला तर तोही दिशाभूल करतो. शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथींचा आधार घ्यावा, तर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात ते पुढच्या टप्प्यातले रुग्ण. म्हणजे वर सांगितलेला दोष मागच्या दाराने परत आत येतो. मग संशोधक एका चाचणीला दुसरीच्या कसोटीवर घासतात. सीक्रेटिनची थेट तपासणी हा त्यातला जुना मानदंड आहे. संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन लहान आतड्यात उतरणारा रस नळीने तासभर गोळा करायचा आणि त्यातला बायकार्बोनेट हा आम्ल मारणारा क्षार लिटरमागे ८० मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत चढतो का ते पाहायचे. ही तपासणी फार थोड्या केंद्रांत होते. चरबीची ७२ तासांची तपासणी हा दुसरा मानदंड. रोज शंभर ग्रॅम स्निग्ध पदार्थ खाऊन तीन दिवसांचे सगळे शौच डब्यात साठवायचे, हे ज्याने सुचवले त्याने बहुधा ते स्वतःच्या घरी करून पाहिले नसावे.

चित्रे दाखवणाऱ्या तपासण्यांची स्थितीही समजून घेण्याजोगी आहे. २०१७ साली डच संशोधकांनी ४३ अभ्यासांतील ३,४६० रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यात सोनोग्राफीची संवेदनशीलता ६७ टक्के, सीटी स्कॅनची ७५, एमआरआयची ७८, एंडोस्कोपीच्या टोकाला बसवलेल्या सोनोग्राफीची ८१ आणि नलिकेत रंगद्रव्य सोडून काढलेल्या ईआरसीपी चित्राची ८२ टक्के आढळली. विशिष्टता सर्वांचीच ९० च्या घरात किंवा वर होती, साध्या सोनोग्राफीची तर ९८. याचा व्यवहारातला अर्थ असा की, सोनोग्राफीत आजार ‘दिसला’ तर तो बहुधा खरा असतो, पण ‘दिसला नाही’ याला तितके वजन नाही, कारण प्रत्यक्ष आजारी असलेल्या तिघांपैकी एक जण तिच्या नजरेतून सुटतो. गॅसने फुगलेल्या आतड्यांमागे स्वादुपिंड झाकले जाते तेव्हा अहवालात ‘स्वादुपिंड नीट दिसले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणारे रेडिओलॉजिस्ट मला म्हणूनच आदरणीय वाटतात. ईआरसीपी यादीत सर्वांत वर दिसते, पण ती करताना शंभरात तीन ते दहा जणांना तीव्र स्वादुपिंडदाह होऊ शकतो. ज्या आजाराचा शोध घ्यायचा त्याचाच भाऊबंद मागे लावून देणारी तपासणी आता केवळ निदानासाठी करीत नाहीत, ते योग्यच आहे. अचूकतेच्या तक्त्यात धोक्याचा रकाना नसतो हेही वाचकाला सांगायला हवे.

एंडोस्कोपिक सोनोग्राफी सध्या फार भरवशाची मानली जाते आणि ती बारीक बदल दाखवते हे खरे. पण पाहणारा डोळा माणसाचा आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ अनुभवी तज्ज्ञांना त्याच चित्रफिती दाखवल्या, तेव्हा ‘जुनाट दाह आहे की नाही’ यावर त्यांच्यातील एकमताचे माप ०.४५ निघाले. या मापात शून्य म्हणजे योगायोगाने जुळेल तितकेच एकमत आणि एक म्हणजे पूर्ण एकमत. ही मंडळी शिकाऊ नव्हती. शिवाय वाढते वय, धूम्रपान आणि मद्यपान यांमुळे आजार नसतानाही तसेच धागे-ठिपके ग्रंथीत दिसू शकतात. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने २०२० मध्ये सीटी किंवा एमआरआय आधी करावा आणि त्यातून उलगडा न झाल्यास एंडोस्कोपिक सोनोग्राफीकडे वळावे असे सुचवले, त्यामागे हाही विचार असावा असे मला वाटते.

वर दिलेले बहुतेक आकडे युरोप-अमेरिकेतले आहेत, जिथे जुनाट स्वादुपिंडदाहाचा मोठा वाटा मद्यपानाला जातो. भारताचे चित्र वेगळे आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ज्या १,०३३ रुग्णांची कारणांविषयीची माहिती पूर्ण होती, त्यांपैकी ६०.२ टक्क्यांमध्ये कोणतेही कारण सापडले नाही आणि ३८.७ टक्के मद्यपानाशी निगडित होते. केरळात डॉ. गीवर्गीस यांनी गेल्या शतकात शेकडो तरुण रुग्णांमध्ये नोंदवलेला खडे आणि मधुमेह घेऊन येणारा प्रकार तर आपल्या वैद्यकाला चांगलाच परिचित आहे. आमच्या भाच्याचे दुखणे त्याच कुळातले निघाले. तरुणपणी मोठे खडे बनणाऱ्या रुग्णांत सीटी किंवा अगदी साधा एक्स-रेही पाश्चात्त्य तक्त्याहून बरा ठरू शकेल, आणि वारंवार जुलाब होणाऱ्या लोकवस्तीत शौचाची चाचणी तिथल्याहून वाईट ठरू शकेल. हा तर्क आहे, सिद्ध गोष्ट नव्हे. पण म्हणूनच इथल्या रुग्णांवर, इथल्या प्रयोगशाळांत, क्रमाने येईल त्या प्रत्येक संशयित रुग्णाला सामावून घेणारे अभ्यास हवेत. राज्यात वैद्यकीय महाविद्यालये पुष्कळ आहेत आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवेच असतात. असे अभ्यास कसे लिहावेत याचा ‘स्टार्ड’ नावाचा आंतरराष्ट्रीय आराखडा २००३ पासून उपलब्ध असून २०१५ मध्ये तो सुधारून तीस मुद्द्यांचा केला गेला. रुग्ण कसे निवडले, कशाशी ताडले, ताडणाऱ्याला आधीचा निकाल ठाऊक होता का, हे सगळे त्यात विचारलेले आहे.

यावर तपासणी केंद्रांकडून एक उत्तर ठरलेले असते की, आमची प्रयोगशाळा एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यताप्राप्त आहे. ही मान्यता मोलाची आहे आणि ग्राहकाने ती जरूर पाहावी. पण ती सांगते ते इतकेच की, १६५ हा आकडा नीट मोजला आहे. १६५ म्हणजे आजार की नाही, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. तराजू खरा असला म्हणून तोललेली वस्तू सोने ठरत नाही.

आपल्या पुरवणीला माझी विनंती अशी आहे की, यापुढे कोणत्याही चाचणीच्या अचूकतेचा आकडा छापताना तो कोणत्या रुग्णांत आणि कशाशी ताडून मिळाला हे एका ओळीत तरी द्यावे, आणि ते मिळत नसेल तर आकडाच गाळावा. जाहिरात विभाग आपला वेगळा असेल, पण वाचकाला दोन्ही एकाच पानावर दिसतात आणि तो दोन्ही एकत्रच वाचतो. प्रयोगशाळांनीही अहवालावर संवेदनशीलता-विशिष्टतेसोबत नमुना घट्ट होता की पातळ एवढे नोंदवायला काय हरकत आहे? सध्या त्या जागी लहान अक्षरांत एकच वाक्य असते, ‘कृपया क्लिनिकली कोरिलेट करावे’. आजींच्या मुलाने ते वाक्य मला दाखवून त्याचा अर्थ विचारला होता. अहवाल रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावा, असा तो अर्थ मी सांगितला, तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे आधी डॉक्टरकडे जायचे होते आणि मग चाचणी करायची होती!’

आपला,
एक निवृत्त संख्याशास्त्र प्राध्यापक
सांगली